अनंतरावांची खाजगी पिकअप

अनंतराव लासूरकरांनी नवी कोरी पिकअप शोरूममधून काढली आणि हारफुलांसकट स्वतःच्याच सोसायटीच्या फाटकाशी आणली, तेव्हा वॉचमननं हात आडवा धरला.

"माल कुणाकडं हाय?"

अनंतरावांनी काच खाली केली. वीसेक वर्षं ह्याच फाटकातून ये-जा करणारा आपला चेहरा त्याला नीट दिसावा म्हणून चष्माही काढला.

"अरे, मी लासूरकर!"

"ते दिसतंय की साहेब. पण माल कुणाचा? सोफा-बिफा असंल तर सांगतो, लिफ्ट बंद हाय."

गाडी खाजगी आहे, हे अनंतरावांना त्या दिवशी पहिल्यांदा सांगावं लागलं. पुढं पाच माणसांची ऐसपैस सोय, मागं उघडा हौदा, आणि मुख्य म्हणजे पांढरी नंबरप्लेट. भाड्याच्या टेम्पोची पिवळी असते, पांढरी म्हणजे घरची गाडी, हा फरक त्यांना सूर्यप्रकाशाइतका स्वच्छ दिसत होता. पाटबंधारे खात्यातून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्याला नियम दिसतात. बाकीच्या गावाला फक्त हौदा दिसतो, हे त्यांना अजून कळायचं होतं.

प्रमोदिनीबाई औक्षणाचं ताट घेऊन खाली आल्या. त्यांच्या मनात लहानशी लाल मोटार होती. ह्या गाडीचं बॉनेट त्यांच्या हनुवटीला आलं. कुंकवाचं स्वस्तिक काढायला वरून स्वयंपाकघरातलं स्टूल आणावं लागलं, आणि स्टुलावरून त्यांनी गाडी एकदा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"एवढ्या मोठ्या गाडीत आपण दोघं म्हणजे पिंपात दोन शेंगदाणे."

"अगं, खुलताबादच्या बागेत सीताफळाची रोपं न्यायची, शेणखत न्यायचं. मागं हौदा नको का?"

"हौदाच हवा होता तर हत्ती घ्यायचा. हौदा वरती फुकट आला असता."

खालच्या मजल्यावरचा बद्रीनाथ मात्र खूश झाला. वाळूजच्या कारखान्यात सुपरवायझर असला, तरी त्याचा जीव अजून वैजापूरच्या वावरात होता. त्यानं गाडीला प्रदक्षिणा घातली, प्रत्येक चाकाला एकेक लाथ मारून पाहिली आणि हौद्याच्या पत्र्यावर थाप दिली.

"काका, लई जबर गाडी घेतली. पण हौदा रिकामा शोभत नाय."

हौदा रिकामा राहणार नाही, ह्याची काळजी गुलमंडीच्या बाजारानं घेतली. पडद्याचं कापड घ्यायला अनंतराव दुकानात शिरले आणि पिशवी घेऊन बाहेर येतात तो हौद्यात एक गुंडाळलेली गादी, दोन लोड, आणि पुढच्या सीटवर बुरखा सावरत बसलेली एक म्हातारी.

"हर्सूल चलो बेटा. कबसे राह देखरी मैं."

"आजी, ये खाजगी गाडी है."

"हौ, हौ. आहिस्ता चलाओ, घुटने में दर्द है."

म्हातारीला उतरवणं म्हणजे गुडघेदुखीच्या बाईला उंच पायरीवरून खाली आणणं, आणि मागं हॉर्न वाजत होते. अनंतराव हर्सूलला गेले. गादी स्वतः घरात नेऊन टाकली. भाडं घेणार नाही म्हटल्यावर म्हातारीचे डोळे भरून आले. तिनं दोन पेरू त्यांच्या हातावर ठेवले आणि त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

"अल्ला तेरे टेम्पो कू बरकत दे."

पेरू गोड होते. पण 'टेम्पो' हा शब्द अनंतरावांच्या घशात सिडकोतलं घर येईपर्यंत अडकून होता.

मग तक्रार घरातून आली. खुलताबादच्या रस्त्यावर दर खड्ड्याला गाडीचं मागचं अंग असं उडायचं, की प्रमोदिनीबाईंचा अंबाडा दौलताबादला सुटला आणि घाटात चष्मा पर्समध्ये ठेवावा लागला. परत आल्यावर त्या गुडघे धरून पायरीवर बसल्या. बद्रीनाथनं निदान केलं.

"काका, मागच्या स्प्रिंगचे पाटे ओझ्यासाठी बनवल्यात. रिकामी गाडी उडणारच. वाळूची पोती टाका मागं. बघा कशी म्हशीवानी गप चालती का नाय."

सल्ला शास्त्रीय होता. पोती बद्रीनाथनंच कुठल्याशा बांधकामावरून आणून दिली. गाडी खरोखर म्हशीसारखी चालू लागली, आणि नगर नाक्यापर्यंत अनंतराव गुणगुणत गेले. तिथं एका हवालदारानं त्यांना कडेला घेतलं.

"काका, वाळू कुठून आणली?"

"ती वजनासाठी आहे."

"वाळू वजनावरच असती. कुणाला पोचवायचीय?"

"कुणालाच नाही. ती अशीच गाडीत असते."

हवालदारानं चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे निस्ती फिरवता?"

"हो."

"रोज?"

"गाडी काढीन तेव्हा."

हवालदारानं एका पोत्यावर टिचकी मारून पाहिली. मग लांब उभ्या असलेल्या सहकाऱ्याला त्यानं हाक मारून सांगितलं, "काय नाय रे, जाऊ दे! वाळूला फिरायला काढलंय म्हणं काकांनी!" ते दोघंही इतक्या मोकळेपणानं हसले, की आपल्याला दंड झाला असता तर बरं झालं असतं, असं अनंतरावांना वाटलं.

दुर्दैव असं, की ते तिथं वाळूच्या पोत्यांशेजारी पोलिसासमोर हात जोडून उभे असताना बाजूनं एक रिक्षा गेली आणि तिच्यात सत्यभामाबाई होत्या.

सत्यभामाबाई म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरी. निवृत्त मुख्याध्यापिका. त्या जिन्यात दिसल्या की मोठी माणसंसुद्धा शर्टाचं वरचं बटण लावत. संध्याकाळपर्यंत 'लासूरकरांनी वाळूचा धंदा धरला' ही बातमी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत पोचली होती. पापभीरू माणूस, निवृत्तीनंतर असा वाहवला, ह्याचं लोकांना वाईट वाटत होतं; पण दोघातिघांनी बाथरूमच्या दुरुस्तीसाठी दर काय, अशी हळूच चौकशीही केली.

सत्यभामाबाई स्वतः वर आल्या. बसल्या नाहीत.

"लासूरकर, आवारात मालवाहू वाहन उभं करायला मनाई आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी बैठक बोलावली आहे."

"बाई, गाडी खाजगी आहे. पांढरी प्लेट आहे."

"प्लेट पांढरी असेल. हौद्यात काय आहे?"

"वाळू. पण ती माल नाही."

"हौद्यात जे असतं त्याला माल म्हणतात," असं म्हणून त्या गेल्या. एवढी नेटकी व्याख्या खात्यातल्या सगळ्या नोकरीत अनंतरावांच्या कानावर आली नव्हती.

पोती उतरवली. पण हौदा उघडा आहे तोवर लोक त्यात काहीतरी बघणारच. तेव्हा त्यावर छत बसवायचं, म्हणजे मागून गाडी घरंदाज दिसेल, असा विचार करून अनंतराव जालना रोडला जुबेरभाईच्या दुकानात गेले. जुबेरभाई गाड्या सजवण्यातला मोठा कलावंत होता.

"अंकल, फायबर का ऐसा छत लगाके देतूं ना, लोगां रुक रुक के पूछेंगे किधर से लाए. अंदर लाइट देतूं. और रिव्हर्स का आवाज अपनी तरफ से, फ्री."

"आवाज नको."

"नक्को कैसा? फ्री है अंकल!"

छत बसलं. चकाचक, काळंभोर, खिडक्यांसकट. अनंतरावांनी सोसायटीत आल्यावर ऐटीत गाडी मागं घेतली, आणि मागच्या बंपरखालून एक खणखणीत बाई ओरडली, "कृपया हट जाइए! गाडी पीछे आ रही है!" चारी मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या.

ही बाई सुरुवातीला फक्त गाडी मागं घेताना बोलायची. हळूहळू ती ब्रेक दाबला तरी बोलू लागली. मग वळताना. गाडी सिग्नलला उभी राहिली की मागचा स्कूटरवाला दचकून बाजूला व्हायचा आणि मागं येत नसलेल्या गाडीकडं रागानं बघायचा. प्रमोदिनीबाईंना मात्र ती आवडली. "माझं तर तुम्ही ऐकत नाही. हिचं तरी जग ऐकतंय."

पहिली मोफत सर्व्हिसिंग आलीच होती, म्हणून अनंतराव डीलरच्या वर्कशॉपला गेले. तिथं एसी होता, कॉफीचं यंत्र होतं, आणि श्रेया नावाची अतिशय गोड बोलणारी सल्लागार मुलगी होती. तिनं गाडीखाली वाकून पाहिलं आणि एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाली, "सर, बाहेरून काम करून घेतलंय का?"

"छत बसवलंय. आणि ती बाई काढून टाका."

"सर, त्यांनी परस्पर वायरी जोडल्यात. आता वायरिंगची वॉरंटी राहत नाही. आणि बाई आमची नाही सर, त्यामुळं आम्ही तिला हात लावू शकत नाही."

अनंतराव जुबेरभाईकडं गेले. जुबेरभाईनं कानाला हात लावले. "कंपनीवालों ने गाडी खोली क्या? फिर मेरी गॅरंटी खतम, अंकल. उनो क्या करके रखे, मेरेकू क्या मालूम?"

अशा रीतीनं बाई कुणाचीच उरली नाही आणि गाडीतच राहिली.

त्यात श्रेयानं निघताना सांगितलं होतं, "सर, कंपनीचा फोन येईल. दहापैकी दहा द्याल ना प्लीज?" फोन आला. अनंतरावांनी नोकरीत अनेकांचे गोपनीय अहवाल लिहिले होते. त्यांच्या लेखी सात म्हणजे उत्तम आणि आठ म्हणजे बढती. श्रेया वागायला खरंच चांगली, म्हणून त्यांनी मनापासून सात दिले. तासाभरात श्रेयाचा रडवेला फोन. "सर, काय चुकलं आमचं? आमच्यात सात म्हणजे नापास असतं." मग तिच्या मॅनेजरचा. मग त्याच्या वरच्याचा, पुण्याहून. शेवटी अनंतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा दहापैकी दहा दिले.

रविवार उजाडला. सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी बैठक आणि दुपारी त्याच हॉलमध्ये सत्यभामाबाईंच्या भाचीचा, रूपाचा, साखरपुडा. बाईंनी बैठक मुद्दाम आधी ठेवली होती. एका झाडूत दोन्ही कामं व्हावीत अशी त्यांची शिस्त. अंगावर जरीची पैठणी, समोर टेबल, टेबलावर घंटी. खांबांना झेंडूच्या माळा, कोपऱ्यात मेंदी भरलेल्या हातांनी रूपा बसलेली. मुलाकडची मंडळी बीडहून निघाली होती.

"विषय एक," सत्यभामाबाई म्हणाल्या. "लासूरकरांचं मालवाहू वाहन."

अनंतराव उठले. बोलायचं सगळं त्यांनी पाठ केलं होतं. "ज्या वाहनाची नंबरप्लेट पांढरी–" इतकं झालं आणि बाईंचा फोन वाजला. त्या एकदम बसल्या. मुख्याध्यापिकेला असं बसताना कुणी पाहिलं नव्हतं.

जेवण वैजापूरच्या आचाऱ्याला सांगितलं होतं, कारण त्याच्या हातच्या वरण-बट्टीची तोड इकडं नाही, असं बाईंचं मत. त्याचा टेम्पो दौलताबादच्या टी पॉइंटजवळ बंद पडला होता. वरण, बट्ट्या, वांग्याची भाजी, मठ्ठा, जिलबीची कढई, सगळं रस्त्याच्या कडेला. रविवारी दुसरी गाडी मिळेना. आणि बीडचे पाहुणे तर निम्मी वाट ओलांडून आले होते.

हॉलमधल्या सगळ्यांच्या माना हळूहळू अनंतरावांकडं वळल्या. ज्यांनी बंदीच्या बाजूनं हात वर करायचा ठरवलं होतं, त्यांच्या माना आधी वळल्या.

अनंतरावांनी रूपाकडं पाहिलं. पोरगी हात सांभाळत उभी राहिली होती. मेंदीमुळं तिला डोळेही पुसता येत नव्हते. ही त्यांच्या डोळ्यांदेखत फ्रॉकमधून साडीत आली होती. त्यांचं पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठं गेलं.

"बद्रीनाथ, चल," ते म्हणाले.

"मी पण येते," सत्यभामाबाई उठल्या. "माल माझा आहे."

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी उगाच टेबलावरची घंटी सरळ केली. प्रमोदिनीबाईंनी खाली मान घालून पदर सारखा केला, आणि त्याही निघाल्या.

टी पॉइंटला आचारी भांड्यांच्या मधोमध डोक्याला हात लावून बसला होता. बट्ट्यांची टोपली हौद्यात गेली. भाजी गेली. पण वरणाचं पातेलं एवढं उंच, की छताखाली शिरेना. आडवं करावं तर वरण रस्त्यावर. मठ्ठ्याच्या पिंपाचं तेच.

"काका, छत काढावं लागंल," बद्रीनाथ म्हणाला.

छत बसवल्यावर अनंतराव रोज त्यावरून मऊ कापड फिरवत. आताही त्यांनी कडेवरची धूळ एकदा बाहीनं पुसली. मग ते स्वतःच पाना घेऊन हौद्यात चढले. बोल्ट निघाले, चौघांनी छत उचललं, कडेच्या लिंबाखाली ठेवलं. त्या गडबडीत आतल्या दिव्याची वायर ताणून तुटली, आणि बंपरखालची बाई जी सुरू झाली ती थांबेचना.

"कृपया हट जाइए! गाडी पीछे आ रही है! कृपया हट जाइए!"

"बंद करा हिला!" सत्यभामाबाई ओरडल्या.

"ती बंद होत नाही, बाई. वॉरंटी नाही."

निघाले. पुढं अनंतराव आणि मांडीवर तुपाचा डबा घेऊन सत्यभामाबाई; मागच्या सीटवर प्रमोदिनीबाई, आचारी आणि जिलबीच्या पिठाची बादली कवटाळून बद्रीनाथ. पडेगावच्या अलीकडं मोठा खड्डा आला तेव्हा अनंतरावांनी सवयीनं डोळे मिटले. काहीच झालं नाही. गाडी खड्ड्यातून अशी अलगद निघाली, की डब्यातलं तूपसुद्धा हललं नाही. मागं वरण, मठ्ठा आणि बट्ट्या ठाण मांडून बसल्या होत्या आणि गाडी जमिनीला धरून, इंजिनचा जाड, समाधानी आवाज काढत चालली होती. एवढे दिवस हातात असलेलं स्टीअरिंग आज पहिल्यांदा त्यांना आपलं वाटलं. ते चक्क हसले. मग जोरात हसले.

"काय झालं?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

"काही नाही. अंबाडा कसा आहे?"

"जागेवर आहे!" त्याही हसायला लागल्या.

छावणीत रविवारची गर्दी होती. पण बंपरखालच्या बाईच्या त्या अखंड ओरडण्यानं रिक्षा, हातगाड्या, दुधाच्या मोटारसायकली सगळे भांबावून बाजूला होत होते. गाडी मागं येतेय म्हणते आणि पुढं जाते, तेव्हा हिच्या वाटेला न गेलेलं बरं, असा लोकांनी शहाणा निर्णय घेतला. नगर नाक्यावर तोच हवालदार. त्यानं गाडी ओळखली, शिट्टी तोंडातून काढली.

"काका, आज काय फिरवायला काढलंय?"

"वरण!" अनंतराव खिडकीतून ओरडले.

"आणि बट्ट्या!" सत्यभामाबाई त्यांच्याही वर ओरडल्या. "रस्ता द्या, मुलाकडचे येताहेत!"

हवालदारानं एका हातानं समोरची सगळी वाहतूक थांबवली आणि दुसऱ्या हातानं कडक सलाम ठोकला. सत्यभामाबाईंनी मान किंचित लववून तो स्वीकारला. बाबा पेट्रोल पंपाशी त्यांनी पैठणीचा पदर खोचला होता आणि क्रांती चौकापासून त्या डाव्या बाजूनं हात बाहेर काढून लोकांना स्वतःच हटवत होत्या. गालांवर लाली आली होती. मुलींच्या शाळेची सहल निघाली की ह्या बाई अशाच दिसत असणार, असं अनंतरावांना वाटून गेलं.

बीडची गाडी फाटकात शिरली, तिच्या मागोमाग वरण शिरलं. बद्रीनाथनं बंपरखाली शिरून तिची तारच उपटली तेव्हा कुठं बाई गप्प झाली, आणि एकदम इतकी शांतता पसरली की भटजींचा मंत्र गच्चीपर्यंत ऐकू गेला.

साखरपुडा झाला. बट्टी चुरून, वर वरण आणि तुपाची धार घेऊन मंडळी अशी जेवली, की बैठकीचा उरलेला भाग घ्यायला उठण्याची कुणाची ताकद राहिली नाही. लिंबाखालचं छत आचाऱ्यानं मागून घेतलं. तो आता वैजापूरला त्यावर पापड वाळत घालतो. फायबर तापतं छान, म्हणतो.

उतरत्या उन्हात रूपानं हट्ट धरला, की फोटो हौद्यात काढायचे. झेंडूच्या माळा खांबांवरून उतरून हौद्याच्या कडांना लागल्या. नवरा मुलगा चढला, रूपाला हात देऊन वर घेतलं, मग करवल्या, मग मुलाच्या दोन मावश्या, चपला काढून, जशा देवळात चढतात. अनंतरावांनी गाडी पायी चालल्याच्या वेगानं आवाराला फेरी मारली. मावश्या टाळ्या वाजवत होत्या. कुणीतरी पिपाणी काढली. वॉचमन फुलं उधळत पुढं चालला होता. दुसरी फेरी झाली, तिसरीची मागणी आली, आणि गॅलऱ्यांमधली सगळी सोसायटी खाली उतरली.

फेऱ्या संपल्यावर मुलाचे मामा अनंतरावांच्या खिडकीशी आले. गाडीवरून प्रेमानं हात फिरवत म्हणाले, "काय देखणी गाडी आहे हो! लग्नाला बीडला नवरदेव ह्याच गाडीतून न्यायचा. कुणाला विचारावं लागेल?"

"मला," सत्यभामाबाई मागून म्हणाल्या. "गाडी आमच्या सोसायटीची आहे. तारीख सांगा, बाकीचं मी बघते. लासूरकर चालवतील."

अनंतरावांनी खुलासा करायला तोंड उघडलं. शेजारी बसलेल्या प्रमोदिनीबाईंनी कढईतून नुकतीच आलेली अख्खी जिलबी त्यात घातली, आणि ती इतकी गरम, इतकी पाकानं भरलेली होती, की अनंतरावांना मान डोलवण्याशिवाय काही करताच आलं नाही.